हिशोब जावईबापूंकडे

शिवकन्येचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात वार्निशनं बरबटलेले होते. बोअरची मोटर उघडून बसलो होतो, जळालेली तार उपटत होतो, आणि फोन वाजत राहिला. म्हटलं वाजू दे, मोटर झाली का म्हणून विचारणारं गिऱ्हाईक असेल. परत वाजला. कोपरानं दाबून कानाला लावला तर पलीकडं पोरगी नुसती हुंदके देत होती. "काका... अप्पा गेले." मी म्हणालो, परवाच बोललो की मी त्याच्याशी, असं कसं होईल? आणि खरं सांगतो, तेवढ्यावरून मी त्या पोरीशी वाद घालत बसलो. परवा बोललेला माणूस आज जाऊ शकत नाही, असा जणू कायदाच होता. मग तिनं सांगितलं. दुपारी दुकानात काम थांबवून चहा घेतला, छातीत कळ आली म्हणाले, कामगारांनी रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी हात लावून मान हलवली. मी हात धुतले. वार्निश पाण्यानं निघत नाही हे मला आयुष्यभर माहीत आहे, तरी धूत राहिलो.

नांदेडहून लातूरला बस लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाते. त्या बसमध्ये मला रडू आलं नाही, आधी राग आला. कारण परवाच्या फोनवर मन्मथ, म्हणजे शिवकन्येचा बाप, म्हणाला होता, "सोमवारी मागतो, नक्की मागतो." काय मागायचं होतं? पासवर्ड. स्वतःच्याच धंद्याच्या जीएसटीचा पासवर्ड, स्वतःच्याच जावयाकडून. ऐकून कुणीही हसेल, मीही पहिल्यांदा हसलोच होतो. पण त्या एका मागण्यापायी हा माणूस आतून कुरतडला गेला होता. मागितलं की जावयाला कळणार, सासरा हिशोब काढून घेतोय. जावई दुखावला की त्याचा राग निघणार तो पोरीवर. आणि नाही मागितलं तर हातानं उभं केलेलं दुकान बसणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. एवढीच गोष्ट आहे ही, पण या एवढ्याशा गोष्टीतून आम्हाला कुणालाही बाहेर पडता आलं नाही.

मन्मथ आणि मी नांदेडच्या आयटीआयमध्ये भेटलो. मी वायरमन, तो वेल्डर. खोली एकच. तो चाकूरकडच्या खेड्यातला लिंगायत घरचा, गळ्यात लिंग, सकाळी पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारा. मी लोह्याजवळचा, बौद्ध घरचा, सकाळी उठल्या उठल्या चहा शोधणारा. त्याच्या गावाहून एसटीनं डबा यायचा, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. डबा उघडला की आधी माझ्यापुढं सरकवायचा. मी एकदा विचारलं, तुझ्या घरी चालतं का रे हे? तर म्हणाला, डबा मी खाऊन राहिलो, घर खाऊन राहिलं का? त्याच्या आयुष्यातलं एवढं एकच बंडखोर वाक्य मला आठवतं. बाकी सगळा जन्म त्यानं समोरच्याचं तोंड बघून काढला. नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं. वसतिगृहात कुणी त्याची चप्पल घालून गेलं तर हा अनवाणी वर्गात यायचा, पण "माझी चप्पल दे" म्हणायचा नाही. मी जाऊन भांडून आणायचो. आमची दोस्ती अशीच जमली, त्याच्या वाटची भांडणं मी करायचो.

पुढं मी नांदेडात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं आणि तो लातूरला गेला. लातूरला तेव्हा क्लासेसचं पेव फुटलेलं. राज्यभरातून पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहत होती, आणि पोरं आली की त्यांना झोपायला कॉट लागते. मन्मथनं लोखंडी कॉट करायला घेतल्या. साध्या, मजबूत, चारी कोपरे घासून गुळगुळीत केलेल्या. "पोरं रात्री पेंगत उठतेत, नडगीला लागू नये," म्हणायचा. हॉस्टेलवाले त्याच्याकडंच यायचे. मी त्याला चिडवायचो, महाराष्ट्रातले निम्मे डॉक्टर तुझ्या कॉटवर झोपून पास झालेत, बोर्ड लाव तसा. तो लाजायचा आणि ग्राइंडर चालू करायचा.

हिशोबाचा प्रश्न उभा राहिला तो जीएसटी आल्यावर. तोवर त्याचा हिशोब त्याच्या डोक्यात आणि त्याच्या बायकोच्या, महानंदावहिनींच्या डब्यात. हॉस्टेलवाले, संस्थावाले म्हणायला लागले, पक्कं बिल द्या, नंबरचं बिल द्या. नंबर काढला, पण दर महिन्याला काय भरायचं, कुठं भरायचं, त्याला काही उमजेना. मला फोन करून विचारलं, अकाउंटंट लावू का रे? आपल्यासारख्या एकट्या माणसाला परवडतं का? मी म्हणालो, न लावणं परवडत नाही. माझ्याकडं तेव्हापासून सय्यद मॅडम आहेत. नांदेडातच वजिराबादेत त्यांचं छोटं ऑफिस आहे. त्या मला दर महिन्याला झापतात, बिलं वेळेवर का आणली नाहीत म्हणून, आणि मीही त्यांच्याशी भांडतो, फी का वाढवली म्हणून. पण त्याचाच तर फायदा. पैसे देऊन ठेवलेल्या माणसाला जाब विचारता येतो, आणि तोही आपल्याला विचारतो. कुणाचं मन मोडत नाही. हे सगळं मी मन्मथला तोंड दुखेपर्यंत सांगितलं. तो हाव हाव म्हणाला. मग बरेच दिवस काही केलं नाही. त्याला एकच वाटायचं, आपलं किती येतं, किती जातं, हे परक्या माणसाला कशाला दाखवायचं.

तेवढ्यात शिवकन्येचं लग्न ठरलं. नायगावचं घर, पाहुणे चांगले. मुलगा नागेश बी. कॉम., लातुरातच एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात कामाला. बैठकीत मी होतो. नागेशचे वडील मिशीवर हात फिरवत म्हणाले, आमच्या नागेशच्या हाताखाली लातूरचा अर्धा बाजार आहे, मोठमोठ्या व्यापाऱ्यांचे हिशोब तो बघतो. नागेश मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, पोरगा विनयी आहे. मन्मथकडं बघितलं तर त्याचा चेहरा उजळलेला. पोरीला स्थळ मिळालं आणि हिशोबाला घरचा माणूस मिळाला, दोन्ही कामं एका मांडवात.

लग्नानंतर धोंड्याचा महिना आला. आपल्याकडं अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात, ताटात दिवा ठेवून वाण देतात. जावई त्या दिवशी देव असतो. मन्मथनं मला नांदेडहून मुद्दाम बोलावलं. नागेश पाटावर बसला होता, पुढं पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, भाऊबंद सगळे गोळा. वहिनींनी वाणाचं ताट आणलं. शर्ट-पँटचं कापड, टॉवेल, टोपी, आणि वर एक कापडी पिशवी, कुंकू लावलेली. मन्मथ हात जोडून म्हणाला, "जावईबापू, दुकानाचे सगळे कागद आहेत यात. आजपासून तुम्हीच बघायचं. आमचं काही आता आमचं न्हाई." भाऊबंद वा वा म्हणाले. कुणीतरी म्हणालं, जावयाला असा मान कुणी दिला नसेल. नागेशनं ताट घेतलं, कपाळाला लावलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण पुरणाच्या जेवणानं कुणालाही घाम येतो. मी जेवून उठलो आणि मन्मथला बाजूला घेऊन म्हणालो, अरे येड्या, वाणात दिलेली वस्तू परत मागता येत नाही. तो हसला. कशाला मागायची म्हणाला.

पुढं काय झालं ते सांगायला फार लागत नाही. नागेश पैसे घेत नव्हता, म्हणून काम कधी करावं हे त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. कधी भरायचा, कधी राहून जायचं. नोटीस आली की मन्मथच्या मोबाइलवर नाही, नागेशच्या मोबाइलवर यायची, कारण नंबर, ईमेल, सगळं नव्यानं त्याचंच लावलेलं. मन्मथला कळायचं ते एखाद्या हॉस्टेलवाल्यानं सांगितल्यावर, तुमचं बिल आमच्याकडं दिसत नाही म्हणून. मग तो जावयाला विचारायला जायचा. म्हणजे नुसता जायचा. फळं घेऊन जायचा, नायगावकडं पाऊस कसाय विचारायचा, सोयाबीन काय भाव गेली विचारायचा. जावई खुर्ची पुढं करायचा तरी हा बसायचा नाही, जावयासमोर बरं दिसत नाही म्हणून दाराच्या चौकटीला टेकून उभा. चहा उभ्यानंच. आणि परत यायचा. मी फोनवर विचारायचो, काय म्हणाला? तर म्हणायचा, विषयच निघाला न्हाई. अरे, विषय काय आपोआप निघतो का? विहिरीतलं पाणी तरी मोटर लावल्याशिवाय निघतं का? मी त्याला आपली जुनी म्हण ऐकवायचो, अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर. तो पोटभर हसायचा आणि लगेच फोन ठेवायचा.

हिशोब काढून न घ्यायला त्याच्याकडं दर वेळी कारण तयार असायचं. आधी, लग्न नवं आहे, एवढ्यात नको. मग शिवकन्येला दिवस गेले, तिला त्रास नको. मग बाळंतपण झालं, बारसं होऊ दे. मग नागेशच्या वडिलांचं ऑपरेशन. प्रत्येक कारण खरं होतं, म्हणून तर मला काही बोलता यायचं नाही. लोकांच्या घरात पोरगी दिलेला बाप कसा विचार करतो, हे मला कळत नाही अशातलाही भाग नाही. मला दोन्ही मुलगे आहेत, पण बहिणी होत्या. माझ्या वडिलांनीही जावयांसमोर कधी आवाज चढवला नाही, आणि त्यांचा आवाज साऱ्या गावाला माहीत होता.

शेवटी जीएसटीचा नंबर रद्द झाला. त्याच वेळी एका मोठ्या संस्थेचं नवीन हॉस्टेल उभं राहत होतं आणि सगळ्या कॉट मन्मथकडून घ्यायचं ठरलेलं. त्यांनी नंबर तपासला, बंद निघाला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. त्यानं घरी काय सांगितलं? गुडघे दुखतात, एवढं काम आता झेपत नाही, मीच सोडलं. वहिनींनी गुडघ्याला तेल चोळायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी हा धडधाकट माणूस पाय पुढं करून बसायचा आणि तेल लावून घ्यायचा. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मला हसावं का त्याला दोन ठेवून द्याव्या कळेना.

त्या ऑर्डरनंतर मी त्याला ओढून नांदेडला आणलं. आमची शेवटची भेट तीच. सय्यद मॅडमसमोर बसवला. मॅडमनी जे होतं ते बघितलं आणि म्हणाल्या, "चाचा, यात रडण्यासारखं काही नाही. राहिलेली रिटर्न भरायची, दंड भरायचा, अर्ज करायचा, नंबर परत चालू होतो. पण मुदत असते. मला फक्त लॉगिन, पासवर्ड पाहिजे आणि ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो माणूस फोनवर पाहिजे." मन्मथनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, मी करू का नागेशला फोन? आत्ता करतो, इथून. सवयच होती माझी, त्याच्या वाटचं भांडायची. त्यानं माझा हात धरला. चांगला घट्ट धरला, वेल्डरचा हात, कातडी जळून जळून जाड झालेली. "तू न्हाई, मिलिंदा. चप्पल तू मागू शकतोस. हे न्हाई." बसस्टँडवर सोडायला गेलो तर उसाचा रस पाजला मला त्यानं. नातीबद्दल बोलत होता. बस सुटताना खिडकीतून म्हणाला, मागतो रे, सोमवारी मागतो. त्यानंतर किती सोमवार गेले मी मोजले नाहीत.

...आणि मग मी लातूरला पोचलो. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. मन्मथला अंघोळ घालून, भस्म लावून, हार घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. भजन चालू होतं. नागेश समोर उभा होता, हात जोडून, डोळे सुजलेले. आणि माझ्या डोक्यात, त्या प्रसंगाला न शोभणारा विचार आला, की हा माणूस आज जावयासमोर पहिल्यांदा बसलाय. मग मात्र मला आवरलं नाही. लोकांनी मला धरून बाहेर नेलं.

कार्याच्या दिवशी परत गेलो. जेवणं चालू व्हायची होती. नागेश मला म्हणाला, काका, जरा इकडं येता का, आणि दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं अर्धवट केलेल्या कॉटचे सांगाडे एकावर एक रचलेले. मी मनात तयारी करून होतो, आता हा काही सफाई द्यायला लागला तर फाडकन बोलायचं. मन्मथ होता तोवर त्याची आण होती, आता कुणाची? तर तो माझ्याशी बोलायच्या आधीच रडायला लागला. म्हणाला, "काका, मला ते येतच न्हवतं. मी ऑफिसात बिलं टाइप करायचो. नुसती टाइप. रिटर्न सर भरायचे. आमच्या अण्णांनी बैठकीत सांगितलं, आणि मामांनी सगळ्यांसमोर वाणात दिलं. न्हाई कसं म्हणू?" यूट्यूब बघून बघून भरत होता तो. चुकलं की घाबरून पुढचं भरायचंच सोडून द्यायचा. मामा फळं घेऊन यायचे तेव्हा त्याला वाटायचं, आज विचारतील, आज काढून घेतील, बरं होईल. पण मामा पावसाचं विचारून जायचे. शिवकन्येला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, अप्पांना सांगते मी, दुसरा माणूस लावा म्हणून. हाच तिला अडवायचा, कारण सांगितलं असतं तर अण्णा खोटे पडले असते. आणि तिलाही वाटायचं, अप्पांनी एवढ्या मानानं दिलंय, परत केलं तर त्यांना लागेल.

एका हाकेच्या अंतरावर राहणारी तीन माणसं, तिघांनाही एकच गोष्ट पाहिजे होती, आणि तिघंही एकमेकांचं मन जपत बसली. मला मन्मथचा राग आला, नागेशच्या बापाचा आला, वाणाच्या ताटाचा आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. नागेश म्हणाला, मामा गेले तरी राहिलेली रिटर्न सुटत नाहीत, वारसाला भरावी लागतात, मामींच्या नावावर येतील. मला भीती वाटते काका. तुमच्या मॅडमकडं देता का हे सगळं? फक्त मामींना तुम्ही सांगा, माझ्या तोंडातून नको. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, एवढंच ना? सांगतो. आत्ता जाऊन सांगतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. निदान एवढं तरी मन्मथसाठी करता येईल असं वाटलं.

आत गेलो तर पंगत बसलेली. चाकूरचे भाऊबंद, नायगावचे पाहुणे, नागेशचे वडील भिंतीशी, मिशा खाली उतरलेल्या. महानंदावहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या धड बोलल्याच नव्हत्या, शिवकन्या सांगत होती. नागेश माझ्या मागून आत आला तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जावईबापू, दुकानाचं पुढं काय करायचं ते तुम्हीच करा. ह्यांचा कुणावर न्हवता एवढा तुमच्यावर विश्वास होता. शेवटपर्यंत म्हणायचे, हिशोबाची मला काळजी न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, तुम्ही तर त्यांचे जिवाचे. तुम्हाला बोलले असतील की. खरं हाय ना?"

पंगत थांबली. नागेश माझ्याकडं बघत होता. शिवकन्या पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही बघत होती. वहिनींच्या चेहऱ्यावर मात्र कसलीच शंका नव्हती. नवरा गेला, पण एका बाबतीत तरी तो सुखात गेला, एवढं एक त्यांच्याकडं उरलं होतं, आणि ते त्या माझ्याकडून पक्कं करून मागत होत्या. मी, ज्याच्या फटकळ तोंडाला नांदेडची गिऱ्हाइकं घाबरतात, म्हणालो, "हाव वहिनी. मलाही हेच म्हणायचा." नागेशनं खाली वाकून त्यांच्या पाया पडून घेतलं. कुणीतरी म्हणालं, वाढा रे, वाढा, आणि पंगत पुढं चालू झाली.

आता नागेशचा फोन येतो. महिना भरला की येतो. "भरलं, काका," म्हणतो, आणि थांबतो. सय्यद मॅडमचा नंबर मी त्याला दिलाय, पण त्यानं फोन केला का नाही, मला माहीत नाही. मॅडमना मी विचारू शकतो, दुकानापासून चालत जाण्याइतकं त्यांचं ऑफिस आहे. पण गेलो नाही. बरोबर भरलं का, मुदतीत भरलं का, वहिनींच्या नावावर काही येणार नाही ना... सगळं जिभेवर असतं. पलीकडं त्याचा श्वास ऐकू येत राहतो, मागं मन्मथची नात काहीतरी पाडते, शिवकन्या तिला रागावते.

"बरं बरं," मी म्हणतो. "पोरगी चालायला लागली का?"